आकाशात पहिला गोल काढणारा तोफखान्यातला अधिकारी: प्योत्र नेस्तेरोव्ह

रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानांच्या स्पर्धा तुम्ही कधी पाहिल्या असतील, निदान यूट्यूबवर, तर एक गोष्ट लक्षात आली असेल. तिथे सगळ्यात धाडसी उडवणारा जिंकेलच असं नाही. या स्पर्धांमधला सगळ्यात कडक प्रकार म्हणजे एफ-थ्री-ए. त्यात परीक्षक मैदानाच्या कडेला खुर्च्या टाकून बसतात आणि विमानाने आकाशात काढलेली आकृती तपासतात. भूमितीचे मास्तर वहीतलं वर्तुळ तपासतात ना, अगदी तसं. उभी रेघ उभीच हवी, पंचेचाळीस अंशांची तिरकी रेघ पंचेचाळीसचीच हवी. साधारण पंधरा अंशांची चूक झाली की दहापैकी एक गुण गेला. आणि गोल म्हणजे गोलच. वर चपटा, बाजूने पोटाळलेला किंवा कोपरे आलेला गोल चालत नाही. वारा सुटला होता ही सबब तर अजिबात ऐकली जात नाही. वाऱ्याने विमान वाहवत असेल तर ते सावरून आकृती शाबूत ठेवणं ही उडवणाऱ्याची जबाबदारी.

विमानाने नाक वर करायचं, मागे उलटं व्हायचं आणि पूर्ण फेरी मारून पुन्हा पहिल्या उंचीवर यायचं, या आकृतीला आज सगळे 'लूप' म्हणतात. रशियात मात्र तिला एका माणसाचं नाव आहे: नेस्तेरोव्हचा फेरा. कारण माणूस बसलेल्या विमानाने ही आकृती पहिल्यांदा काढली ती 1913 साली कीव्ह शहराबाहेरच्या एका मैदानावर, आणि ते विमान चालवत होता प्योत्र निकोलायेविच नेस्तेरोव्ह नावाचा 26 वर्षांचा लष्करी अधिकारी.

त्याच्याबद्दल मराठीत फारसं काही वाचायला मिळत नाही. इतर ठिकाणी मिळतं तेही बहुतेक वेळा 'जिवावर उदार झालेला वीर' या एकाच साच्यातलं. खरं तर नेस्तेरोव्हला आयुष्यभर जे सिद्ध करायचं होतं ते बरोबर याच्या उलट होतं.

वडिलांच्या शाळेत

नेस्तेरोव्हचा जन्म 27 फेब्रुवारी 1887 चा, व्होल्गा नदीकाठच्या निझ्नी नोवगोरोद शहरातला. वडील तिथल्या लष्करी शाळेत अधिकारी होते. प्योत्र तीन वर्षांचा असतानाच ते वारले. चार मुलं घेऊन आईला विधवांसाठीच्या आश्रयगृहात राहायला जावं लागलं. मुलगा दहा वर्षांचा झाला तेव्हा वडिलांच्याच त्या लष्करी शाळेत दाखल झाला. अशा घरातल्या मुलाला त्या काळच्या रशियात सन्मानाने पुढे जाण्याचा तोच एक सरळ रस्ता होता.

शाळा संपल्यावर तो सेंट पीटर्सबर्गच्या मिखाइलोव्स्की तोफखाना विद्यालयात गेला आणि 1906 मध्ये अधिकारी होऊन बाहेर पडला. हा तोफखाना महत्त्वाचा आहे. तोफगोळा कोणत्या कोनात, किती वेगाने सोडला तर कुठे जाऊन पडेल, हे तिथे गणिताने शिकवतात. हवेतून जाणारी वस्तू कशी वळते, तिचा वेग कुठे कमी होतो आणि कुठे वाढतो, याचा विचार करायची सवय नेस्तेरोव्हला विमान पाहायच्या आधीच लागली होती.

पहिली नेमणूक मिळाली ती थेट दुसऱ्या टोकाला, व्लादिवोस्तोकला. तिथे दोर बांधून वर सोडलेल्या फुग्याच्या टोपलीत उभं राहून तोफांचा मारा कुठे पडतोय हे पाहण्याचं काम त्याच्या वाट्याला आलं. जमीन वरून कशी दिसते हे त्याने पहिल्यांदा पाहिलं ते तिथून.

रजेवर निझ्नी नोवगोरोदला आला असताना त्याची गाठ प्योत्र सोकोलोव्ह या माणसाशी पडली. सोकोलोव्ह हा निकोलाय झुकोव्स्की यांचा विद्यार्थी. झुकोव्स्की म्हणजे रशियातल्या वायुगतिशास्त्राचे जनक. पक्षी पंख न हलवता कसे तरंगतात यावर त्यांनी 1891 मध्येच एक निबंध मांडला होता. हवेत घसरत जाणाऱ्या वस्तूचा मार्ग कसकसा असू शकतो हे त्यात त्यांनी समीकरणांनी दाखवलं होतं, आणि त्या मार्गांमध्ये पूर्ण उलटी फेरीही होती. म्हणजे राईट बंधूंच्या उड्डाणाला अजून बारा वर्षं अवकाश असताना लूप कागदावर काढून झालेला होता. कागदावरची ती रेघ आकाशात काढणारा माणूस तेवढा यायचा होता.

नेस्तेरोव्ह शहरातल्या हवाई हौशी मंडळींच्या संस्थेत सामील झाला. 1911 च्या उन्हाळ्यात सोकोलोव्हच्या मदतीने त्याने एक ग्लायडर बांधला. घोड्याने ओढून त्याला वेग द्यायचा आणि तो जमिनीवरून उचलला की टोकाला लटकायचं, असा एकंदर प्रकार. ग्लायडर उडाला, पण थोडासाच. नेस्तेरोव्हला तेवढं पुरलं. त्याने वैमानिक प्रशिक्षणासाठी अर्ज केला.

वळताना कलायचं की नाही?

आज हा प्रश्नच विचित्र वाटेल. घाटातल्या वळणावर मोटारसायकलवाला आपोआप आतल्या बाजूला कलतो, ते त्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण 1912 मध्ये विमान शिकवणाऱ्या शाळांत बरोबर उलटं सांगितलं जात होतं. विमान शक्य तितकं सपाट ठेवा, सुकाणूने हळूहळू वळा, पंख फार कलवू नका. कलंडलात तर घसराल, घसरलात तर मेलात.

ही भीती हवेतून आलेली नव्हती. माणसं खरोखरच मरत होती. लाकूड, कापड आणि तारांची ती विमानं, पन्नास-सत्तर अश्वशक्तीची इंजिनं, आणि विमान जरा वेडंवाकडं झालं तर काय करायचं याचं ज्ञान जवळपास शून्य. सोबतचा कुणीतरी कलंडून पडलेला पाहिला की मागे राहिलेले आणखी जपून, आणखी सपाट उडवत. आणि एखाद्या दिवशी वाऱ्याच्या झोताने त्यांचंही विमान तिरकं झालं की हातपाय गळून जात.

सेंट पीटर्सबर्गजवळच्या गात्चिना इथल्या लष्करी विमानशाळेत नेस्तेरोव्ह शिकत होता. सप्टेंबर 1912 मध्ये तो एकट्याने उडाला आणि वैमानिक झाला. पण शिकत असतानाच त्याचं शिक्षकांशी आणि सोबत्यांशी पटेनासं झालं होतं. त्याचं म्हणणं असं होतं की वळताना पंख कलवायलाच हवेत, आणि वळण जितकं तीव्र तितका कल जास्त. पंख हवेवर दाब देऊन विमान वर उचलतात. विमान कललं की त्या उचलणाऱ्या बलाचा काही भाग आडवा होतो आणि तोच विमानाला वळणाच्या आत ओढतो. नुसत्या सुकाणूने वळवलेलं विमान म्हणजे निसरड्या रस्त्यावर हँडल फिरवलेली सायकल: तोंड वळतं, अंग सरळच जात राहतं.

यापुढचा मुद्दा आणखी महत्त्वाचा होता. विमान फार कललं, जवळपास एका पंखावर उभं राहिलं, तर चालकाच्या हातातल्या गोष्टींची कामं अदलाबदल होतात. एरवी नाक वर-खाली करणारं एलिव्हेटर आता वळवण्याचं काम करतं. एरवी डावी-उजवीकडे वळवणारं सुकाणू आता नाक वर-खाली करतं. हे ज्याला माहीत नाही तो घाबरून नेहमीची दांडी नेहमीच्या दिशेला ओढतो. तीव्र कलात गोल गोल खाली जाणारं विमान त्या ओढण्याने वर येत नाही, उलट गिरकी आणखी आवळली जाते. आधी कल काढायचा, मग नाक वर घ्यायचं, हा क्रम ज्याच्या अंगी भिनलेला नाही तो वाचत नाही. त्या काळचे कित्येक अपघात असे होते. विमान ठीकठाक, हवा ठीकठाक, फक्त चालकाला आपण कुठल्या कोनात आहोत आणि या कोनात कोणती दांडी काय करते हे उमगलं नाही.

नेस्तेरोव्हचा विश्वास होता की हवा ही सगळीकडे आधार देते, नुसती खालून नाही. विमान पुरेशा वेगात असेल आणि चालकाला त्याची साधनं नीट वापरता येत असतील, तर कुठल्याही स्थितीतून बाहेर पडता येतं. उलटं झालेल्या स्थितीतूनसुद्धा. हे तो उघडपणे म्हणायचा. गात्चिनात त्याची थट्टा झाली. विद्यार्थ्यांच्या हस्तलिखितात त्याच्यावर टवाळीची कविता आली, आणि त्यानेही कवितेतच उत्तर दिलं. ही सगळी पोरकट गंमत वाटेल, पण प्रश्न पोरकट नव्हता. नेस्तेरोव्ह चूक असेल तर त्याचं ऐकणारे मरणार होते. तो बरोबर असेल तर त्याचं न ऐकणारे मरतच होते.

1913 मध्ये त्याची कीव्हला बदली झाली आणि लवकरच तो तिथल्या 11 व्या कोअरच्या विमान तुकडीचा प्रमुख झाला. आता निदान स्वतःच्या तुकडीला तरी तो आपल्या पद्धतीने शिकवू शकत होता, आणि त्याने तसं शिकवलंही. त्याचे वैमानिक तीव्र कल देऊन वळायला शिकले, रात्री उडायला शिकले. त्या ऑगस्टमध्ये तीन विमानांनी एका रांगेत, ठरलेल्या मार्गाने गावागावांवरून फेरी मारून परत यायचं असं सामूहिक उड्डाणही त्याने करून दाखवलं. पण उरलेल्या जगाला पटवायचं तर एखादा असा पुरावा हवा होता की ज्यावर वाद घालायला जागाच उरणार नाही.

फेरी कशी पूर्ण होते

पाण्याने भरलेली बादली हातात धरून जोरात उभी गरगर फिरवली तर ती डोक्यावर आली तरी पाणी सांडत नाही. हा खेळ लहानपणी बहुतेकांनी केलेला असतो आणि हात मंदावल्यावर अंघोळही झालेली असते. जत्रेतल्या मौत का कुआँमधला मोटारसायकलवालाही याच हिशेबावर भिंतीला चिकटून राहतो. वेग पुरेसा असेल तर गोलाच्या बाहेर फेकणारी ओढ वजनावर मात करते.

विमानाच्या बाबतीत अडचण अशी की वर चढताना त्याचा वेग कमी होत जातो. साधा हिशेब करून पाहू. समजा 20 मीटर त्रिज्येचा गोल काढायचा आहे. माथ्यावर उलटं असताना बसल्या जागी दाबलेलं राहायचं तर तिथे ताशी निदान 50 किलोमीटर वेग हवा. इंजिनाची मदत आणि हवेचा अडथळा दोन्ही बाजूला ठेवले तर माथ्यावर तेवढा वेग उरण्यासाठी तळाशी ताशी सुमारे 113 किलोमीटर वेग लागतो. नेस्तेरोव्हच्या न्यूपोर विमानाचा सपाट उडतानाचा जास्तीत जास्त वेग साधारण तेवढाच होता. त्यात हवेचा अडथळा बराचसा वेग खाणार. म्हणजे सरळ उडता उडता नाक वर केलं आणि फेरी मारली, हे शक्यच नव्हतं. आधी खाली सूर मारून वेग कमावणं भाग होतं.

आणि वेग कमावला की दुसरं संकट उभं राहतं. वरच्या उदाहरणातला गोल अचूक काढायचा तर तळाशी पंखांवर विमानाच्या वजनाच्या सहापट भार येतो. लाकडी पट्ट्या आणि तारांनी ताणलेल्या पंखांवर सहापट! म्हणून सूर मारून झाल्यावर दांडी हिसका देऊन ओढायची नाही. हलक्या हाताने, वक्र मोठा ठेवत वर यायचं. अर्थात वक्र मोठा ठेवला की माथ्यापर्यंत पोचायला आणखी वेग हवा. एकीकडे पंख तुटायची भीती, दुसरीकडे अर्ध्या वाटेत वेग संपून लटकायची भीती, आणि या दोन्हींच्या मधून जाणारी एक अरुंद वाट. ती अंदाजाने सापडणारी नव्हती.

एफ-थ्री-ए उडवणाऱ्यांची आजची अडचण याच हिशेबातून येते, फक्त चेहरा वेगळा असतो. त्यांच्या विमानात ताकद भरपूर असते, पंख तुटायचीही चिंता नसते. पण दांडी एकसारखी ओढून ठेवली तर गोल गोल राहत नाही. तळाशी पंखांच्या बलातला काही भाग वजन पेलण्यात जातो, त्यामुळे वक्र मोठा होतो. माथ्यावर वजन स्वतःच विमानाला गोलाच्या आत खेचतं, त्यामुळे वक्र आवळतो आणि आकृती वर निमुळती होते. म्हणून चांगला चालक माथ्यावर पोचता पोचता दांडी किंचित सैल सोडतो आणि खाली येताना पुन्हा ओढ वाढवत नेतो, शिवाय चढताना इंजिन वाढवतो आणि उतरताना कमी करतो. हे सगळं जमिनीवर उभं राहून, दीडशे मीटर लांबच्या, जेमतेम दोन मीटर लांबीच्या विमानाकडे बघत. पोटात गोळा येणं नाही, पाठीला दाब जाणवणं नाही. डोळ्यांना दिसणारी आकृती एवढाच आधार.

सिरेत्सचं मैदान, 9 सप्टेंबर 1913

रशियात तेव्हा जुनी दिनदर्शिका चालायची, त्यामुळे तिथल्या कागदपत्रांत ही तारीख 27 ऑगस्ट आहे. जागा कीव्हच्या कडेचं सिरेत्स लष्करी मैदान. वेळ संध्याकाळी सहानंतरची. विमान न्यूपोर-4, मॉस्कोच्या दुक्स कारखान्यात बांधलेलं, 70 अश्वशक्तीच्या नोम इंजिनाचं. मैदानावर तुकडीतले अधिकारी होते, डॉक्टर होते आणि बघे होते.

नेस्तेरोव्ह सुमारे हजार मीटर उंचीपर्यंत चढला. तिथे त्याने इंधन बंद केलं आणि विमानाचं नाक खाली टाकलं. खालून बघणाऱ्यांना विमान पडतंय असंच वाटलं असणार. सुमारे सहाशे मीटरवर त्याने इंजिन पुन्हा सुरू केलं आणि दांडी ओढायला लागला. विमान सपाट झालं, मग उभं, मग उलटं. माथा ओलांडल्यावर पुन्हा इंधन बंद. विमान नाक खाली करून फेरी पुरी करत आलं, सपाट झालं आणि गिरक्या घेत घेत उतरलं.

सगळं मिळून काही सेकंदांचं काम. कीव्हच्या हवाई संस्थेच्या वतीने तिथे हजर असलेल्या एका लष्करी डॉक्टरने लगेच तार करून ही बातमी कळवली: कोणत्या तुकडीच्या प्रमुखाने, कोणत्या विमानावर, किती उंचीवर, कोणाकोणासमोर. या रुक्ष तारेमुळेच पुढे पहिला कोण या वादात नेस्तेरोव्हची बाजू पक्की राहिली.

रशियन भाषेत या कसरतीला आधीपासूनच 'मृत फास' अशा अर्थाचं नाव होतं, कारण ती केल्यावर जिवंत उतरणार नाही अशीच सगळ्यांची खात्री होती. नेस्तेरोव्ह जिवंत उतरला, आणि त्याच्या चरित्रांत सांगितलं जातं त्याप्रमाणे त्याला दहा दिवसांच्या कैदेची शिक्षा झाली. कारण काय, तर सरकारी मालमत्ता धोक्यात घातली! लष्कराच्या हिशेबात ते चुकीचंही नव्हतं म्हणा. विमान महाग होतं आणि ते त्याच्या मालकीचं नव्हतं.

वाचवलं ते एका फ्रेंच माणसाने. अॅडॉल्फ पेगू हा त्या वर्षीचा फ्रान्समधला सगळ्यात गाजलेला वैमानिक. त्याने 1 सप्टेंबरला विमान उलटं उडवून दाखवलं होतं आणि 21 सप्टेंबरला, म्हणजे नेस्तेरोव्हनंतर बारा दिवसांनी, ब्लेरिओ विमानावर पूर्ण लूप मारला. पॅरिसच्या वर्तमानपत्रांनी ते डोक्यावर घेतलं आणि पेगू जगभर पहिला ठरला. आता मात्र रशियन वरिष्ठांना आपल्याकडचा एक जण हे आधीच करून बसलाय याची आठवण झाली. शिक्षा मागे पडली, नेस्तेरोव्हला बढती मिळाली. कीव्हच्या हवाई संस्थेनेही त्याचा गौरव केला.

पेगूच्या बाजूने एक सांगायला हवं. 1914 मध्ये तो रशियात प्रयोग दाखवायला आला, तेव्हा दोघांची भेट झाली आणि पहिला लूप नेस्तेरोव्हचा हे त्याने मोकळेपणाने, लोकांसमोर मान्य केलं. स्वतःच्या प्रसिद्धीवर पोट असलेल्या माणसाला हे सोपं नसतं.

नेस्तेरोव्हने वर्तमानपत्रातून आपण हे कसं केलं ते समजावून सांगितलं. त्यात पराक्रमाची वर्णनं नाहीत. कुठे इंधन बंद केलं, कुठे सुरू केलं, आणि मुख्य म्हणजे कशासाठी केलं, याचंच स्पष्टीकरण आहे. त्याचा रोख एकच: चालकाने विमानाच्या कुठल्याही स्थितीत डोकं शांत ठेवायला शिकलं पाहिजे, आणि लूप हा त्याचा पुरावा आहे, सर्कस नाही. त्याने पुढे लूप मारत गावोगाव फिरून पैसे कमावले नाहीत. पेगूच्या यशानंतर युरोप-अमेरिकेत तो धंदा मात्र जोरात सुरू झाला आणि त्यात कित्येक जण मेले.

नेस्तेरोव्ह त्याऐवजी लांबच्या उड्डाणांकडे वळला. 1914 च्या मार्चमध्ये कीव्ह ते ओडेसा न थांबता, साधारण तीन तासांत. मे महिन्यात कीव्हहून निघून एका दिवसात गात्चिना, तीच शाळा जिथे त्याची टवाळी झाली होती. जोडीला तो एक न्यूपोर मोडून नव्याने बांधत होता. त्याची उभी शेपटी त्याने काढूनच टाकली होती, कारण नीट कल देऊन वळता येत असेल तर तिची गरज नाही असं त्याला दाखवायचं होतं. वळण्याबद्दलचं जुनं भांडण तो अजून सोडायला तयार नव्हता. तेवढ्यात महायुद्ध सुरू झालं.

झोव्क्वाच्या वर

1914 च्या विमानांवर बंदुका नव्हत्या. विमानं टेहळणी करायची, वैमानिक फार तर पिस्तूल बाळगायचे. शत्रूचं विमान डोक्यावरून रोज जातंय, आपल्या फौजा मोजतंय, आणि त्याला खाली कसं आणायचं हे कुणालाच ठाऊक नाही, अशी परिस्थिती होती. नेस्तेरोव्हने यावरही डोकं चालवलं होतं. विमानाच्या मागच्या टोकाला सुरा बसवून शत्रूच्या हवाई जहाजाचं आवरण फाडायचं, किंवा लांब तारेला वजन बांधून ती शत्रूच्या पंख्यात अडकवायची, अशा कल्पना त्याने मांडल्या होत्या.

सप्टेंबरात त्याची तुकडी ल्विव्हजवळच्या झोव्क्वा गावात होती. रशियाच्या तिसऱ्या सैन्याचं मुख्यालय तिथेच होतं आणि एक ऑस्ट्रियन अल्बाट्रॉस विमान पुन्हा पुन्हा त्यावर घिरट्या घालत होतं. 8 सप्टेंबर 1914 ला ते परत आलं. वैमानिक फ्रान्झ मालिना, निरीक्षक बॅरन फ्रेडरिक फॉन रोझेंथाल. नेस्तेरोव्ह छोट्या, हलक्या मोरान विमानात बसून वर गेला, अल्बाट्रॉसच्या वर चढला आणि वरून त्यावर झेपावला.

नंतरच्या चौकशीत असा निष्कर्ष निघाला की त्याला मरायचं नव्हतं. चाकांनी वरून शत्रूच्या पंखाला धक्का द्यायचा आणि आपण निसटायचं, असा त्याचा हिशेब असावा. पण धडक हिशेबापेक्षा जोरात बसली. मोरानचं इंजिन निखळून वेगळं खाली पडलं. नेस्तेरोव्ह विमानाबाहेर फेकला गेला. अल्बाट्रॉसही कोसळलं. तिघेही मेले. लूपला एक वर्ष पूर्ण व्हायला एक दिवस कमी होता. नेस्तेरोव्हचं वय 27. मागे पत्नी नादेझ्दा आणि दोन लहान मुलं, मार्गारिता आणि प्योत्र.

हवेत विमानावर विमान आदळून शत्रू पाडण्याची ही जगातली पहिली घटना. कीव्हमध्ये मोठ्या गर्दीत त्याचा अंत्यविधी झाला, पुढे सेंट जॉर्ज पदकही मरणोत्तर मिळालं. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत वैमानिकांनी शेकडो वेळा अशा धडका दिल्या आणि त्या परंपरेचा मूळपुरुष म्हणून नेस्तेरोव्हचं नाव घेतलं गेलं. शालेय पुस्तकांपासून पुतळ्यांपर्यंत हाच नेस्तेरोव्ह दिसतो: स्वतःला झोकून देणारा. ज्या माणसाने आपलं छोटंसं आयुष्य विमानातलं मरण टाळता येतं हे पटवण्यात घालवलं, तो लोकांच्या लक्षात राहिला मरणासाठी. त्या शेवटच्या दिवशी त्याच्याकडे लूपसारखा मोजून पाहायला वेळ नव्हता, आधीचं कुठलं समीकरणही नव्हतं.

त्याची शिकवण मात्र टिकली, आणि तीही नाव न घेता. कलून वळणं ही आज वैमानिकाची पहिल्या काही तासांतली शिकवणी आहे. लढाऊ वैमानिकांना उलट्यासुलट्या स्थितीतून विमान सावरणं मुद्दाम शिकवलं जातं. 1960 मध्ये दोन्ही प्रकारच्या हवाई कसरतींच्या जागतिक स्पर्धा सुरू झाल्या, चालक आत बसलेल्या विमानांच्या ब्रातिस्लाव्हात आणि रिमोटवरच्या विमानांच्या स्वित्झर्लंडमधल्या ड्युबेनडॉर्फला, आणि दोन्हीकडे गोल किती गोल आहे याला गुण मिळू लागले.

झोव्क्वा गावाचं नाव 1951 मध्ये सोव्हिएत सरकारने बदलून नेस्तेरोव्ह केलं होतं. युक्रेन स्वतंत्र झाल्यावर, 1992 मध्ये, गावाला जुनं नाव परत मिळालं. एका लघुग्रहाला नेस्तेरोव्हचं नाव आहे, क्रमांक 3071. पेगू 31 ऑगस्ट 1915 ला हवाई लढाईत मारला गेला, ज्याला त्याने कधीकाळी उडायला शिकवलं होतं अशा एका जर्मन वैमानिकाच्या गोळीने. आणि जागतिक एरोबॅटिक स्पर्धेत सगळ्यात अचूक आकृत्या काढणाऱ्या संघाला जो चषक दिला जातो, त्याचं नाव आहे नेस्तेरोव्ह चषक.